वेग आहे, पण लय धावते

वाचकाचे पत्र

"सप्रेम नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहते, वय ४१ वर्षे. गेली सोळा वर्षे टायपिंगच्या क्लासमध्ये मराठी आणि इंग्रजी टंकलेखन शिकवते. मागच्या दिवाळीत मुलाने घरच्या संगणकावर 'ओसू' हा खेळ घालून दिला आणि त्यातला ताइकोचा, म्हणजे ढोल वाजवण्याचा प्रकार मला मनापासून आवडला. संगीत मी कधी शिकले नाही, पण यात काही तरी नीट यावे अशी इच्छा आहे. म्हणून मी स्वतःच सरावाचे वेळापत्रक तयार केले. रोज रात्री नऊ ते अकरा बसते. आधी एक अवघड गाणे पूर्ण वाजवून आकडे वहीत लिहिते. मग अर्धा तास तेच गाणे, एक जरी मिस झाला तरी लगेच पहिल्यापासून. त्यानंतर अर्धा तास तेच गाणे दीडपट वेगाने, म्हणजे मूळ वेग सोपा वाटावा. उरलेला वेळ नवी गाणी आणि झोपण्यापूर्वी ते अवघड गाणे पुन्हा एकदा पूर्ण. रविवारी पाच तास. पहिले दोन-तीन महिने भराभर प्रगती झाली, पण आता अडीच महिने मिनिटाला १६० ठोक्यांच्या गाण्यावर अचूकता ९१ टक्क्यांवर अडली आहे. सलग आघात आले की हात तुटतो, आणि बोटे तर माझी चांगली वेगवान आहेत. कूलरच्या आवाजामुळे मुलाचे ब्लूटूथ इयरफोन लावते. हल्ली रात्री उजवे मनगट दुखते. माझे वेळापत्रक चुकले आहे की वय आडवे येते आहे? खऱ्या ढोलासारखा कंट्रोलर घ्यावा का? वहीच्या चार पानांची प्रत सोबत जोडली आहे."

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचल्यावर मी आधी ती चार पाने वाचली आणि मग पुन्हा पत्राकडे वळलो. सराव करणारी माणसे पुष्कळ असतात, पण तारीख, वेळ आणि आकडे लिहून ठेवणारी फार थोडी. तुम्ही विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तुमच्याच अक्षरात त्या पानांवर आहेत.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी दोन वाक्ये सांगतो. 'ओसू' हा डीन हर्बर्ट यांनी २००७ साली आणलेला विनामूल्य खेळ आहे आणि त्यातला ताइकोचा प्रकार नामको कंपनीच्या २००१ च्या 'ताइको नो तात्सुजिन' या जपानी ढोलाच्या खेळावर बेतलेला आहे. गाणे सुरू असताना पडद्यावर उजवीकडून डावीकडे गोल सरकत येतात. लाल गोल ठरलेल्या जागी पोहोचला की ढोलाच्या मधोमध वाजवायचे, त्याला 'डोन' म्हणतात, आणि निळा आला की कडेवर, त्याला 'का' म्हणतात. आघात अगदी वेळेवर पडला तर 'ग्रेट', थोडा पुढेमागे झाला तर 'गुड', आणि चुकला तर 'मिस'.

वयाचा प्रश्न आधी निकाली काढतो, कारण तो मनात घर करून बसला तर बाकीचे काहीच कामाला येणार नाही. मिनिटाला १६० ठोके म्हणजे एक ठोका ३७५ मिलिसेकंदांचा, आणि त्याचे चार भाग करून सलग आघात आले की दोन आघातांमध्ये जेमतेम ९४ मिलिसेकंद उरतात. आवाज ऐकून बोट हलवायला तरुण, तल्लख माणसालाही साधारण दीडशे मिलिसेकंद लागतात आणि डोळ्यांनी पाहून हलवायला त्याहून जास्त. म्हणजे पाहिले आणि मारले अशा रीतीने हे आघात कोणालाच वाजवता येत नाहीत, तुमच्या नववीतल्या किंवा दहावीतल्या विद्यार्थ्यालाही नाही. पुढचा आघात कधी येणार हे आधीच मनात वाजत असावे लागते आणि बोट त्या मनातल्या ठोक्यावर पडते. ही अटकळ लयीच्या ओळखीतून येते आणि ती ओळख एक्केचाळिसाव्या वर्षी सुरू करायला काहीच हरकत नाही. तुमचे अडले आहे ते दुसरीकडे.

तुमच्या वहीतल्या १४ मेच्या दोन नोंदी पाहा. गाणे एकच, एकूण आघात ५००. रात्री ९.१० ची नोंद अशी: ४१२ ग्रेट, ८६ गुड, २ मिस. रात्री १०.५० ची नोंद अशी: ४४९ ग्रेट, १२ गुड, ३९ मिस. या खेळात ग्रेटला पूर्ण आणि गुडला अर्धा गुण धरून टक्केवारी काढतात, त्यामुळे दोन्ही वेळा उत्तर बरोबर ९१ टक्के येते, आणि तुम्ही दोन्ही नोंदींसमोर "काही फरक नाही" असे लिहिले आहे. ताई, या दोन वादनांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. नऊ वाजता तुमचा हात जवळजवळ प्रत्येक आघातापर्यंत पोहोचत होता, पण सहापैकी एक आघात थोडा पुढेमागे पडत होता. हा लयीचा दोष आहे. अकराच्या सुमारास जे आघात पडले ते बहुतेक नेमके पडले, म्हणजे दोन तासांत लय खरोखर सुधारली होती, पण ३९ ठिकाणी हात पोहोचलाच नाही. हा थकव्याचा दोष आहे. एका दोषावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि नुसती टक्केवारी पाहिली तर दोन्ही सारखेच दिसतात. यापुढे टक्केवारी लिहिली नाही तरी चालेल, पण ग्रेट, गुड आणि मिस हे तीन आकडे वेगळे लिहा. त्यांच्या शेजारी आणखी दोन आकडे हवेत. खेळाच्या नव्या आवृत्तीत गाणे संपल्यावर निकालाच्या पानावर तुमचे आघात किती लवकर किंवा उशिरा पडले याचा उभ्या दांड्यांचा आलेख दिसतो, सरासरी चूक दिसते, आणि 'अनस्टेबल रेट' नावाचा एक आकडा दिसतो. हा आकडा आघात किती विखुरले आहेत ते सांगतो. त्याला दहाने भागले की विखुरणे मिलिसेकंदांत कळते. १८० असेल तर १८ मिलिसेकंद. सरासरी चूक थोडी 'लवकर'च्या बाजूला आली तर घाबरू नका, कारण ठोक्याबरोबर टिचकी वाजवायला सांगितले की बहुतेक माणसे नकळत ठोक्याच्या किंचित आधीच वाजवतात. लक्ष विखुरण्यावर ठेवा.

आता बोटांच्या वेगाबद्दल. तुमची बोटे वेगवान आहेत याबद्दल मला शंका नाही, पण टंकलेखनाने दिलेला वेग इथे निम्माच उपयोगी पडतो. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा देणारा विद्यार्थी सवयीचा शब्द झरकन टंकतो, जोडाक्षरापाशी रेंगाळतो आणि शेवटी सरासरी तीस भरली की उत्तीर्ण होतो. दोन अक्षरांमधले अंतर सारखे होते का, असे त्याला कोणीही विचारत नाही. सोळा वर्षे तुमचा हात हेच शिकला आहे की जिथे सोपे आहे तिथे पळून घ्यावे. ताइकोत नेमकी तीच सवय अंगावर येते. समजा, सलग आघातांच्या एका ओळीत तुम्ही प्रत्येक अंतर फक्त ५ मिलिसेकंदांनी कमी करता. एवढे कानालाही जाणवत नाही. पण ते साचत जाते आणि नवव्या आघाताला तुम्ही ४० मिलिसेकंद पुढे गेलेल्या असता, तर मधल्या पातळीच्या काटेकोरपणाला ग्रेटसाठी दोन्ही बाजूंना साधारण ३५ मिलिसेकंदांचीच सवलत असते. म्हणून छोटे तुकडे तुम्हाला नीट जमतात आणि लांब ओळी तुटतात. तबला शिकवणारे याला 'लय धावली' म्हणतात, आणि लय धावली की वेग वाढवून उपयोग नसतो.

मी स्वतः लहानपणी नागपूरच्या महाल भागात एका गुरुजींकडे तबला शिकत होतो. त्यांच्या खोलीत घड्याळ नव्हते आणि ठोके मोजून देणारा मेट्रोनोमही नव्हता. मी 'तिरकिट' हा बोल वाजवत असलो की ते डोळे मिटून ऐकत, आणि मध्येच पुढे वाकून माझ्या डग्ग्यावर पंजा ठेवून सगळे थांबवत. मग एकच प्रश्न विचारत, "कुठून धावला?" मला उत्तर येत नसे, कारण माझ्या समजुतीने मी धावलोच नव्हतो. ते तोच तुकडा निम्म्या लयीत वाजवायला लावत आणि चौथ्या की पाचव्या फेरीला मला स्वतःलाच ऐकू येई की 'कि' आणि 'ट' यांच्यात जागा उरत नाही. दोष ऐकू आला की दोन दिवसांत जात असे. जो ऐकूच येत नसे तो सहा-सहा महिने टिकत असे. तुमच्या दोन तासांत असे थांबवणारा पंजा कुठेच नाही, आणि माझा सगळा सल्ला तो पंजा वेळापत्रकात कसा आणायचा याबद्दलच आहे.

तुमच्या सध्याच्या पद्धतीतली एक गोष्ट आजच सोडून द्या: पहिल्या मिसला पुन्हा सुरुवात करणे. अर्ध्या तासात तुम्ही या गाण्याची पहिली चाळीस सेकंदे पंचवीस-तीस वेळा वाजवता आणि जिथे खरी अवघड ओळ आहे तो शेवटचा मिनिट दोन किंवा तीनदा. म्हणजे जे येते त्याचा सराव होतो आणि जे येत नाही ते तसेच राहते. शिवाय हाताला असेही वळण लागते की चूक झाली की थांबायचे. मैफलीत तबलजीचा हात अडखळला तर तो पुढची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पकडतो आणि ठेका चालू ठेवतो; ही समेवर परतण्याची कला वेगळी शिकावी लागते. 'नो फेल'ची, म्हणजे चुका झाल्या तरी गाणे मध्येच बंद न पडण्याची सोय चालू करा, चूक झाली की दोन ठोके हात उचलून ठेवा, मनात ठोका चालू राहू द्या आणि पुढच्या चौकडीच्या पहिल्या ठोक्यावर परत या. पहिला आठवडा हे फार अवघड जाईल, कारण चुकलेल्या आघाताच्या मागे धावण्याची इच्छा आवरत नाही.

दीडपट वेगाचा अर्धा तासही थांबवा. त्यानंतर मूळ गाणे संथ वाटते हे खरे आहे, पण तो भास थोड्या वेळाने ओसरतो. दरम्यान २४० ठोक्यांच्या वेगाने, ६२ मिलिसेकंदांच्या अंतराने आघात मारण्याच्या खटाटोपात बोटे ते अंतर राखत नाहीत, ती नुसती थरथरतात. ती थरथर मूळ वेगातही हातात उतरते. ज्या वेगात प्रत्येक आघात वेगळा ऐकू येत नाही तो वेग अजून सरावाचा झालेला नाही, असे मी मानतो.

वेळेबद्दलचे माझे म्हणणे कदाचित तुम्हाला पटणार नाही, म्हणून एक जुना प्रयोग सांगतो. तो तुमच्याच व्यवसायातला आहे. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांना कळफलकावर टंकलेखन शिकवायचे होते. ॲलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे चार गट केले: कोणी रोज एकदा एक तास शिकले, कोणी दोनदा एकेक तास, कोणी एकदाच दोन तास आणि कोणी दोनदा दोन-दोन तास. १९७८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढेच कौशल्य मिळवायला सर्वांत कमी तास लागले आणि रोज चार तास बसणाऱ्यांना सर्वांत जास्त. गंमत अशी, की एक तासवाले आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाखूश होते, कारण दिवसांच्या हिशेबाने त्यांचे शिक्षण लांबले होते. तुम्हालाही पहिले काही दिवस तसेच वाटेल. आपण आळस करतो आहोत असे वाटेल. रविवारचे पाच तास मात्र खरोखर वाया जात आहेत. तुमच्या वहीत चारपैकी तीन सोमवारी आकडे आठवड्यातले सर्वांत वाईट आहेत, हे तुम्ही लिहिले आहे पण पाहिलेले दिसत नाही.

नवे वेळापत्रक मी एकूण चाळीस मिनिटांचे सुचवतो, आणि त्यातली पहिली पाच-सात मिनिटे संगणक बंदच असू द्या. अवघड ओळ कागदावर लिहून घ्या: डोन डोन का डोन, का का डोन, अशी. मग डाव्या हाताने मांडीवर सरळ चार ठोके धरा आणि तोंडाने ती ओळ म्हणा. आपल्याकडे याला पढंत म्हणतात, आणि जपानी ढोल शिकवणारेही बोल असेच तोंडाने म्हणायला लावतात. तोंडाने म्हणताना जिथे जीभ अडखळेल किंवा मांडीवरचा ठोका डळमळेल, तिथेच हातही तुटतो. हे मी इतक्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिले आहे की त्याबद्दल मला शंका उरलेली नाही. संगीत शिकला नाहीत याची खंत करू नका, चार ठोके धरून सात शब्द म्हणणे एवढेच करायचे आहे. स्वयंपाक करताना म्हटले तरी चालते.

त्यानंतर दहा ते बारा मिनिटे फक्त ती एकच ओळ, तीनचतुर्थांश वेगाने. १६० चे १२० ठोके होतात आणि दोन आघातांत १२५ मिलिसेकंद मिळतात. खेळाच्या संपादन-पडद्यावर गाणे मधूनच सुरू करून वाजवून पाहता येते, त्यामुळे पहिली चाळीस सेकंदे दर वेळी वाजवावी लागत नाहीत. इथे हातांचा प्रश्न नीट सोडवून घ्या. टंकलेखनात प्रत्येक कळीचे बोट ठरलेले असते. त्या सवयीने तुम्ही लागोपाठ दोन डोन एकाच बोटाने मारत असाल असा माझा अंदाज आहे. १६० च्या सलग ओळीत सेकंदाला दहाहून जास्त आघात येतात, आणि बहुतेक माणसांचे एक बोट सेकंदाला पाच ते सात टिचक्यांच्या पुढे जात नाही. म्हणून उजवा, डावा, उजवा, डावा असे हात बदलत वाजवणे भागच आहे, आणि तसे केले तरी प्रत्येक हाताला सेकंदाला पाचाहून थोडे जास्त आघात येतात, म्हणजे हात जवळजवळ मर्यादेवर असतो. जोराने मारायला इथे जागाच नाही. हात बदलत गेलात की आणखी एक गोष्ट लक्षात येईल: पाच किंवा सात आघातांचा तुकडा संपला की पुढचा तुकडा दुसऱ्या हाताने सुरू होतो. तुमचा डावा हात 'का'ने सुरुवात करायला तयार आहे का, हे पाहा. तबल्यात एकाच कायद्याचे, म्हणजे ठरीव बोलरचनेचे, पलटे म्हणजे बदलून केलेले प्रकार वाजवतात तसे, तोच तुकडा एकदा उजव्याने आणि एकदा डाव्याने सुरू करून वाजवा. ओळीतला डाव्याचा दोष दोन मिनिटांत उघडा पडेल.

वेग कधी वाढवायचा याचा नियम आधीच ठरवून वहीत लिहा, म्हणजे त्या रात्रीच्या उत्साहावर ते अवलंबून राहणार नाही. सलग तीन दिवस त्या ओळीत एकही मिस नाही आणि वीसपैकी एकोणीस आघात ग्रेट, असे झाले तर मूळ वेगाच्या पाच टक्क्यांनी वाढवा. नव्या आवृत्तीत वेग असा थोडा थोडा बदलता येतो. म्हणजे १२० वरून १२८, मग १३६, मग १४४. सलग दोन दिवस ओळ तुटली तर निमूटपणे एक पायरी खाली या. एक सावधगिरी मात्र बाळगा: वेग कमी केला की चुकीची सवलतही त्याच प्रमाणात सैल होते, म्हणून १२० वर मिळालेले आकडे १६० च्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करू नका. प्रत्येक वेगासाठी वहीत वेगळे पान करा.

पुढची पंधरा मिनिटे तीन निरनिराळी गाणी आळीपाळीने वाजवा, सर्व तुम्हाला बऱ्यापैकी जमणारी. एकच गाणे लागोपाठ पाच वेळा वाजवले की पाचव्या वेळी छान जमते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यावरून सुरुवात होते, हा अनुभव तुम्हालाही आला असेल. शी आणि मॉर्गन यांनी १९७९ साली हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात हेच दिसले होते: उलटसुलट क्रमाने सराव करणाऱ्यांचे त्या वेळी वाईट झाले, पण दहा दिवसांनी त्यांनाच जास्त आठवत होते. उरलेला वेळ मनाला येईल ते वाजवा आणि त्याची काहीही नोंद करू नका. तुम्हाला हा खेळ आवडतो म्हणून तुम्ही तो खेळता, आणि ती आवड रोज थोडी तरी जपली गेली पाहिजे. अवघड गाणे मूळ वेगात पूर्ण वाजवणे आठवड्यातून एकदाच, शनिवारी संध्याकाळी, हात ताजा असताना. रविवारी सुट्टी.

ब्लूटूथ इयरफोन आजच बाजूला ठेवा. आवाज हवेतून इयरफोनपर्यंत पोहोचायला त्यांत शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो, आणि तुमच्या दोन आघातांमधले अंतर ९४ मिलिसेकंदांचे आहे. म्हणजे तुम्ही ऐकता तो आघात पडद्यावरच्या आघाताच्या एक किंवा दोन घरे मागचा असतो. खेळात ध्वनीचा उशीर भरून काढण्याची सोय आहे, पण ब्लूटूथचा उशीर कायम एकसारखा राहीलच असे नाही. इतके दिवस तुम्ही कान बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी वाजवत आला आहात, आणि तरीही ९१ टक्के गाठलेत, यावरून तुमची चिकाटी कळते. सीताबर्डीच्या दुकानांतून तारेचा साधा, कानात घट्ट बसणारा इयरफोन आणा, महागडा नको. कूलरचे मला ठाऊक आहे. मे महिन्यातल्या नागपुरात तो बंद करा असे सांगण्याचे धाडस कोणी करू नये, आणि घामाने कळांवरून बोट घसरते ते वेगळेच. पण त्याचा पंखा तेवढी चाळीस मिनिटे कमी गतीवर ठेवता येईल, किंवा सराव पहाटे साडेपाचला हलवता येईल. पहाटेचा दुसरा फायदा असा, की क्लासमध्ये दिवसभर विद्यार्थ्यांबरोबर कळा बडवून आलेला हात तेव्हा विश्रांती घेतलेला असतो.

यावरून मनगटाकडे येतो. ही बाब सरावाआधीची आहे. तुमची बोटे दिवसा क्लासमध्ये आणि रात्री खेळात, दोन्हीकडे तेच काम करतात, त्यामुळे मनगटावर पडणारा भार दोन तासांचा नसून सात-आठ तासांचा आहे. पहिला आठवडा सराव फक्त पढंतीचा ठेवा, कळा नकोत. नंतर बसाल तेव्हा तुमच्या ओळखीच्याच मधल्या ओळीवर बसा: तर्जनी एफ आणि जे वर, म्हणजे डोनसाठी, आणि मधली बोटे डी आणि के वर, म्हणजे 'का'साठी. एफ आणि जे वरचे उंचवटे तुम्ही हजारो विद्यार्थ्यांना बोटाने शोधायला शिकवले असतील, ते इथेही तेच काम करतील. मनगट कळफलकाच्या कडेवर टेकवू नका, वर वाकवूही नका, आणि कळ खाली लागेपर्यंत दाबण्याची गरज नसते. दहा मिनिटांनी हात सोडून उठा, पाणी प्या. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असेल किंवा मुंग्या येत असतील तर मनगटातून जाणारी नस दाबली जात असण्याची शक्यता असते; मग वाट पाहू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत गेलात तरी चालेल. तुमचा चरितार्थ या हातांवर आहे.

खऱ्या ढोलासारखा कंट्रोलर सध्या घेऊ नका. ढोलावर काठीने वाजवताना खांदा आणि कोपर कामाला लागतात, आघाताला लागणारा वेळ बदलतो, आणि तुम्हाला सगळे पुन्हा पहिल्यापासून बसवावे लागेल. शिवाय लय धावते ती काठीनेही धावेल. त्याऐवजी मुलाला रोज पाच मिनिटे शेजारी बसवा. तो पडद्याकडे पाठ करून बसू दे, कळांचा आवाज ऐकू दे, आणि ओळ धावली असे त्याला वाटले की त्याने टेबलावर पंजा ठेवावा. त्याचा अंदाज सुरुवातीला चुकेल. निकालाच्या आलेखाशी ताडून पाहत गेलात तर दोघांचाही कान तयार होईल.

सहा आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. टक्केवारी नको, १२० च्या पानावरचा पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा अनस्टेबल रेट, तुटलेल्या ओळीचे बोल, आणि ती उजव्या हाताने सुरू केल्यावर तुटते की डाव्या, एवढे कळवा. मनगट कसे आहे तेही.